सरावाचा माल

आमच्या ह्यांची नोकरी अडल्यानडल्यांना मदत पाठवण्याची, आणि ह्यांच्या हातून वस्तू म्हणून सुटत नाही. हसू नका. मी संसार केलाय ह्या माणसाबरोबर.

हे एका मदत संस्थेच्या गोदामात स्टोअरकीपर. कुठे पूर आला, आग लागली, दरड कोसळली, की जे काही पाठवायचं असतं, म्हणजे ताडपत्र्या, ब्लँकेटं, बादल्या, साबण, कंदील, ते सगळं ह्यांच्या ताब्यात. मीही तिथंच कामाला. मी संच बांधते. एका बादलीत एका कुटुंबाला लागेल ते सगळं कोंबायचं आणि वरून झाकण दाबायचं. मी दिवसभर बांधायचं आणि ह्यांनी त्याच्या थप्प्या लावून राखण करत बसायचं, असं आमचं चाललेलं. थप्प्या मात्र बघण्यासारख्या हं! दोरी लावून सरळ केलेल्या. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, ‘वा, काय भरलेलं गोदाम आहे’ म्हणायचे, की ह्यांची छाती फुगलीच.

घरीही तीच गत. पलंगाखाली एक ट्रंक आहे. त्यात आमच्या लग्नात आलेल्या चादरी, पिवळ्या फुलांच्या, जाड, मऊ. किल्ली ह्यांच्या कमरेला. ‘अहो, काढा ना त्या एकदा,’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘वेळ आली की काढू.’ मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन गेलीसुद्धा. वेळ काही आली नाही. आम्ही आपले विरलेल्या चादरीवर झोपतोय, आणि खाली डांबरगोळ्या मजेत नव्या चादरींवर लोळतायत.

मी ह्यांना येताजाता टोमणे मारते, पण कारण मला ठाऊक आहे. नोकरीला नवे होते तेव्हा पहिलाच मोठा पूर आला. ह्यांनी उत्साहात दार उघडलं आणि येईल त्याला देत सुटले. दुपारपर्यंत गोदाम झाडून रिकामं. मग एक बाई आली, लांबून चालत, भिजलेलं लेकरू पोटाशी धरून. हे म्हणाले, ‘संपलं.’ तिनं ह्यांच्या खांद्यावरून आत डोकावून रिकामी फरशी पाहिली, ‘बरं’ म्हणाली आणि निघून गेली. ‘भांडली असती तर बरं झालं असतं गं,’ असं हे मला एकदाच म्हणाले. पुन्हा तो विषय नाही. पण त्या दिवसापासून ह्यांनी गोदाम रिकामं होऊ दिलं नाही.

आता ह्यात मौज अशी, की वरच्या कार्यालयात संगणकाचा एक पडदा आहे. त्यावर कुठल्या गोदामात किती माल आहे ते दिसतं. आमचं गोदाम कायम भरलेलं दिसायचं, म्हणून वरून नवा माल यायचा नाही. आणि वरून नवा माल येत नाही म्हणून हे आहे तो सोडायचे नाहीत. पत्र आणा, पत्रावर सही आणा, सहीवर शिक्का आणा. ते सगळं आणेपर्यंत पूर ओसरून जायचा. मग हे म्हणायचे, ‘बघ, गरज नव्हतीच.’ मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

एके दिवशी वरच्यांना जाग आली. मदतीच्या कामातल्या माणसांना कोणती कौशल्यं येतात, कोणती येत नाहीत, ह्याची पाहणी करायचं ठरलं. त्यासाठी एक पोरगी आली, चष्मा, पाठीवर पिशवी आणि गळ्यात शिट्टी. आम्ही तिला शिट्टीताई म्हणायला लागलो. गोड पोर. प्रत्येकाला समोर बसवून विचारायची, ‘तुमच्या कामात तुम्हाला काय कमी पडतं?’

आमचा ड्रायव्हर, त्याला सगळे भोंगा म्हणतात कारण तो ट्रक उभा असतानाही हॉर्न वाजवतो, तो म्हणाला, ‘पोहणं. पुरात मी ट्रक घालतो, पण मला पोहता येत नाही.’ माल चढवणारा पैलवान म्हणाला, ‘पाठ कमी पडते ताई. एक जास्तीची पाठ द्या.’ तिनं तेही लिहून घेतलं. आमचे हे म्हणाले, ‘मला काही कमी पडत नाही. गोदाम बघा.’ माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, ‘ह्यांना ‘घेऊन जा’ म्हणायला शिकवा. तेवढं एक येत नाही त्यांना.’ हे शेजारीच उभे होते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर कमरेची किल्ली दोनदा चाचपून बघितली.

वर सगळ्यांच्या उत्तरांचा म्हणे साकल्यानं विचार झाला, आणि आम्हा सर्वांसाठी एकच प्रशिक्षण मंजूर झालं. सभेत भाषण कसं करावं!

झालं. ब्लँकेटांच्या थप्प्यांसमोर खुर्च्या मांडल्या आणि आम्ही भाषण शिकलो. समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायचं, हे भोंग्यानं फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तो गाडी चालवताना शेजारी बसलेल्या पैलवानाच्या डोळ्यात बघून बोलत राहिला आणि ट्रक फाटकावर घातला. फाटक आजही वाकडं आहे, बघायला या. ह्यांना त्यातलं एकच पटलं. बोलताना तळहात उघडे ठेवावेत, म्हणजे ऐकणाऱ्याला विश्वास वाटतो. त्यानंतर कोणी मदत मागायला आलं, की हे दोन्ही तळहात छान उघडून म्हणायचे, ‘मिळणार नाही.’

शिट्टीताईला हे दिसत होतं. तिनं वर भांडून सराव सुरू करवले. म्हणजे असं, की तिनं शिट्टी वाजवली की पूर आला असं समजायचं, माल ट्रकमध्ये भरायचा, मागच्या शाळेच्या मैदानात न्यायचा आणि वाटायचा. पूरग्रस्त कोण? तर आम्ही संच बांधणाऱ्या बायका. मैदानात बसायचं आणि चेहरे पाडायचे. सुरुवातीला खोकी रिकामी असायची.

आणि अहो, काय सांगू! सरावात आमचे हे वेगळेच. शिट्टी वाजली की अंगात यायचं त्यांच्या. ‘चला, उचला, बघताय काय, तिकडे माणसं भिजतायत!’ पैलवानाला दम लागायचा, ह्यांना नाही. मैदानात मला रिकामं खोकं देताना तळहात उघडून म्हणायचे, ‘या बाई, संकोच करू नका. घरात माणसं किती? मग आणखी एक ब्लँकेट घ्या की.’ आणखी एक घ्या! घरी मला चादर मिळत नाही, आणि मैदानात हा मनुष्य माझ्यावर पुठ्ठा उधळतोय. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. शिट्टीताई मात्र खूश. तिच्या अहवालात ह्यांचा पहिला नंबर.

मग वरून हरकत आली की रिकाम्या खोक्यांनी सराव खरा वाटत नाही, खरा माल वापरा. नियमही आला. सरावाला मंजुरीचं पत्र लागणार नाही, फक्त माल सरावाच्या जागी उतरवून परत आणावा. ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पहिल्या दिवशी ट्रकच्या मागे मागे मैदानापर्यंत पळत आले. माल जसाच्या तसा परत आल्यावर एकेक ताडपत्री फडक्यानं पुसून थप्पीला लावली आणि मग कुठे जीव भांड्यात पडला. पुढं मात्र सवय झाली. परत येणारा माल द्यायला ह्यांची कधीच ना नव्हती.

आणि मग खरा पूर आला.

सकाळपासून पाऊस थांबेना. मी संच बांधत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या वन्सं. ह्यांची एकुलती एक धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांनीच तिची वेणी घालून शाळेत पाठवलेली. चिमी म्हणतात तिला, अजूनही. ती नदीकाठच्या गावात राहते. म्हणाली, ‘वहिनी, घरात पाणी शिरलं. सगळं गाव बांधावर येऊन बसलंय. वर काहीच नाही गं, झाडसुद्धा नाही. धाकटा तापलाय, आणि पाऊस सरळ त्याच्या अंगावर पडतोय. दादाला सांग ना.’ आणि फोन बंद पडला. मी पुन्हा लावला, लागला नाही.

मी धावत ह्यांच्यापुढे गेले आणि सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. टेबल घट्ट धरलं, म्हणाले, ‘मंजुरी आली का?’

‘अहो, चिमी बांधावर बसलीये!’

‘ऐकलं मी. माझी बहीण आहे म्हणूनच तर सोडता येत नाही. उद्या लोक म्हणतील, स्वतःच्या माणसांसाठी गोदाम उघडलं. आणि आज सगळं दिलं आणि उद्या आणखी कोणी आलं तर? लेकराला घेऊन आलं तर? त्यांना काय दाखवू, फरशी?’

‘फरशी काय दाखवताय, तोंड काय दाखवणार ते सांगा!’ मी ओरडले. मला रडू फुटलं होतं, आणि रडताना मला जास्तच राग येतो.

त्यांनी वर फोन लावला. मी कान लावून उभी. वरचे साहेब अगदी निवांत होते. म्हणाले, पडद्यावर तुमचं गोदाम भरलेलं दिसतंय, म्हणजे परिस्थिती आटोक्यात आहे. ह्यांनी विचारलं, ‘साहेब, मग माल सोडू का?’ साहेब म्हणाले, ‘सोडायला सही लागेल.’ ‘मग सही करा.’ ‘सहीचे अधिकार धाकट्या साहेबांना, आणि ते प्रशिक्षणाला गेलेत.’ ‘कसल्या प्रशिक्षणाला?’ ‘तातडीचे निर्णय कसे घ्यावेत त्याच्या. फोन बंद ठेवायला सांगितलेत तिथं.’

ह्यांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. आत थप्प्या छतापर्यंत, सरळ, कोरड्या ठणठणीत. बाहेर भोंगा ट्रक लावून उभा, हॉर्नवर हात ठेवून, पण वाजवत नव्हता. पहिल्यांदाच.

मी शिट्टीताईला कोपऱ्यात ओढलं. म्हटलं, ‘वाजव.’

‘काय?’

‘शिट्टी वाजव. सराव घे. सरावाला सही लागत नाही.’

पोरीनं माझ्याकडे बघितलं. तिला क्षणात कळलं. ‘काकू, माल परत नाही आला तर माझी नोकरी जाईल.’

‘जाईल,’ मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? ‘माझीही जाईल, ह्यांची तर आधी जाईल. पण तिथं पोर तापानं फणफणलंय गं.’

तिनं डोळे मिटले आणि शिट्टी फुंकली. इतक्या जोरात की पैलवान बसल्या जागी उडाला.

हे उठले. हळूच विचारलं, ‘सराव आहे?’

‘हो काका,’ शिट्टीताई म्हणाली. ‘सराव आहे.’

‘जागा कोणती?’

‘आज... आज जागा बदललीय. नदीचा बांध.’

‘मैदान नाही?’

‘मैदानात चिखल झालाय.’

ह्यांनी बाहेर बघितलं. पाऊस असा धोधो कोसळत होता की फाटक दिसत नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. डोळ्यात बघायचं प्रशिक्षण माझ्या काही कामाला आलं नाही.

‘आणि माल परत येणार?’

‘सरावात परत येतो,’ मी म्हटलं.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘मी रेनकोट घेऊन येतो. तोवर ताडपत्र्या पुढे काढा.’ आणि घराकडे पळाले. घर गोदामाच्या मागेच आहे आमचं.

मला वाटलं, चला, फसले! इतका भोळा माणूस आयुष्यात पाहिला नाही, असं मी मनात म्हटलं, देवाशप्पथ. हे परत आले ते रेनकोट घालून, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं भलंमोठं गाठोडं. मला वाटलं, स्वतःचे कोरडे कपडे आणले असतील. जिवाला जपणारा मनुष्य! ते गाठोडं त्यांनी भोंग्याच्या सीटखाली सारलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग जे कामाला लागले, काय विचारता!

‘पैलवान, ब्लँकेटं खाली नको, भिजतील! ताडपत्री शेवटी चढव, तिथं गेल्यावर आधी तीच लागेल! दोऱ्या? दोऱ्या घ्या, नुसती ताडपत्री काय डोक्यावर धरून बसतील का?’ एक थप्पी संपली की दुसरीला हात. मी म्हटलं, ‘अहो, एवढं पुरे.’ तर माझ्यावरच खेकसले, ‘सराव आहे ना? मग अर्धवट कसला करायचा?’ दुसरा ट्रक बोलावला, शेजारच्या कारखान्याचा तिसरा मागून आणला. गोदामाची फरशी दिसायला लागली. ह्यांनी तिकडे पाठ केली होती.

मी आणि शिट्टीताई भोंग्याच्या ट्रकमध्ये बसून गेलो. हे मागे राहिले. म्हणाले, ‘दाराशी कोणीतरी पाहिजे.’

बांधावर काय पाहिलं ते मी फार सांगत नाही. माणसं एकमेकांना टेकून ओळीनं बसली होती. आमचा भोंगा लांबूनच हॉर्न वाजवत आला, तसं ती सगळी उभी राहिली. ताडपत्र्या बांधल्या, ब्लँकेटं वाटली. शिट्टीताईनं हौसेनं घसा साफ करून भाषणाला सुरुवात केली, पण एका म्हाताऱ्यानं ‘बाई, आधी ते टोक धरा’ म्हणून तिच्या हातात दोरी दिली. तिनं मुकाट्यानं धरली.

चिमी सापडली. पोराला छातीशी घेऊन बसली होती. माझ्या गळ्यात पडली, मी तिला ब्लँकेट द्यायला वळले, तर भोंगा सीटखालचं ते गाठोडं घेऊन हजर. ‘दादांनी फक्त तुमच्यासाठी दिलंय. म्हणाले, हे संस्थेचं नाही, घरचं आहे. कोणी नावं ठेवायला नको.’

चिमीनं प्लास्टिक सोडलं. पिवळी फुलं. कोरडी, जाड, मऊ. एक डांबरगोळी घरंगळत माझ्या पायाशी आली.

मी ती डांबरगोळी उचलली. सरावाला घरच्या चादरी कोण देतं हो? त्या माणसाला सगळं माहीत होतं. शिट्टी वाजल्यापासून माहीत होतं. आणि मी समजत होते मी त्यांना फसवलं.

चिमीनं पोराला त्यात गुंडाळलं. फक्त नाक बाहेर. थोड्या वेळानं ते झोपलं.

आम्ही परतलो तेव्हा हे दारात स्टूल टाकून बसले होते. मागे सगळं गोदाम मोकळं, एका टोकाला केरसुणी तेवढी उभी. मला वाटलं होतं विचारतील, माल कुठाय? विचारलं नाही. चहाचा कप माझ्या हातात दिला, स्वतः उभे राहिले, पुन्हा बसले. मग म्हणाले, ‘सराव कसा झाला?’

‘चांगला झाला.’

‘पोरगं?’

‘झोपलं. ताप उतरेल.’

मान हलवली. स्वतःचा कप बशीत फिरवत राहिले. मग, माझ्याकडे न बघता, ‘कोणी उशिरा आलं का गं? शेवटी?’

‘आली एक. तिलाही मिळालं. सगळ्यांना मिळालं. कोणी रिकामं गेलं नाही.’

ह्यांनी कप खाली ठेवला आणि ढसाढसा रडले. पैलवान, भोंगा, सगळे समोर. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा रेनकोट थंडगार होता. गाठोडं आणल्यापासून त्यांनी तो काढलाच नव्हता.

तेवढ्यात फोन. वरचे साहेब. आता आवाज निवांत नव्हता. ‘अहो, पडद्यावर तुमचं गोदाम शून्य दिसतंय! काय झालं काय?’

ह्यांनी डोळे पुसले, फोन कान आणि खांद्यामध्ये धरला, दोन्ही तळहात उघडले आणि म्हणाले, ‘साहेब, सराव झाला.’

‘आणि माल?’

‘अजून सरावाच्या जागी आहे. आणायला माणसं कमी आहेत. प्रशिक्षित माणसं कमी आहेत, साहेब.’

वर शून्याला फार घाबरतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच मालाचे ट्रक वाकड्या फाटकातून आत यायला लागले, एकामागून एक. शिट्टीताईला कारणे दाखवा म्हणून नोटीस आली. तिनं कारण लिहिलं, सराव. सराव नियमाप्रमाणे झाला होता, आणि माल परत कधी आणायचा हे नियमात नव्हतं, त्यामुळे वर कोणाला पुढं काय लिहावं ते सुचलं नाही. माल परत आणा असा हुकूम काढायचा तर त्यावरची सही धाकट्या साहेबांकडे आहे, आणि ते अजून तातडीचे निर्णय शिकतायत.

संध्याकाळपर्यंत गोदाम पुन्हा छतापर्यंत भरलं. ह्यांनी दोरी लावून थप्प्या सरळ केल्या, मागे सरकून बघितल्या. मला वाटलं, झालं, आता बसतील राखण करत. मी संचाची झाकणं दाबत होते. नदीपलीकडच्या वस्तीला अजून काही पोचलं नाही, असं भोंगा कोणाला तरी सांगत होता.

हे शिट्टीताईजवळ गेले. तळहात पुढे केला. ‘जरा दे बघू.’

तिनं गळ्यातून शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ह्यांनी ती रुमालानं पुसली, तोंडात धरली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि फुंकली. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा वाजली.